पेषणी

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे जे त्रिविध विवेचन आले आहे, त्याचे भाषांतर करीत असता ‘गतरस’ या पदापाशी माझी लेखणी अडली. प्रथम ‘निःसत्त्व’ असे लिहिले, पण मनाचे समाधान होईना. त्या दिवशी घरात गणेशचतुर्थीच्या नैवेद्याची सिद्धता चालली होती. गृहिणीने धन्याच्या पुडीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला व म्हणाली, “अर्थ हवा आहे ना? हा घ्या.” चार महिन्यांपूर्वी बाजारातून आणलेली ती पूड. रंग शाबूत होता. वास मात्र लाकडाच्या भुशासारखा.

धने, जिरे, मिरी, लवंग यांचा गंध ज्यात वसतो ते तेल उडून जाणारे असते. अखंड दाण्यात ते कवचाआड राहते. दाणा फुटला की वारा आणि उष्णता त्यास हळूहळू नेतात.

वाचकहो, येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. नैवेद्याची चव आधी घ्यावयाची नाही, हा आपला आचार. मग पदार्थ देवास योग्य झाला, हे रांधणाऱ्याने जाणावे कसे? निवडतानाच. सुपात धने पसरले म्हणजे खडा, कीड, बुरशी डोळ्यांस दिसते. पूड काहीच सांगत नाही. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून शिशाचे विषारी रंगद्रव्य, तिखटात कृत्रिम रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अखंड जिन्नसांतही लबाडी होतेच, हळकुंडांनाही रंग चढवितात. परंतु मिऱ्यांत मिसळलेली पपईची बी पाण्यात टाकली असता बहुधा वर तरंगते. पुडीत ती कोण ओळखणार?

मात्र घरी कुटले एवढ्यानेच अन्न सात्त्विक होत नाही. अतितिखटास गीतेने राजसच म्हटले आहे, मग ते पाट्यावरचे असो की पाकिटातले. (मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, त्यापूर्वी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि सुंठ यांचाच.)

आणि कष्टांचे काय? मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली, त्यांत चूल, केरसुणी, उखळ व पाण्याचा घडा यांबरोबर पेषणी, म्हणजे वाटण्या-दळण्याचे साधन, आहे. तेथे नकळत जीव मरतात, म्हणून पंचमहायज्ञ. हे मी अनेक वर्षे प्रवचनांत सांगत आलो, घरच्या मसाल्याची थोरवीही गाइली. वरवंटा मात्र दुसऱ्याच्या हातात होता. तिचा उजवा खांदा दुखतो, हे मला ठाऊक होते. शास्त्राने तो दोष गृहस्थाच्या नावे लिहिला आहे, गृहिणीच्या नव्हे, हे भाषांतरकारास इतक्या उशिरा दिसावे!

त्या दिवशी खलबत्ता मी घेतला. पाव घटकेतच दंड भरून आले. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी यंत्र खुशाल वापरावे. थांबून थांबून फिरवावे, तापू देऊ नये, आणि पंधरा दिवसांपुरतेच करावे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजून, निवल्यावरच कुटावा. जिरे माझ्या हातून अजून करपते, आणि स्वयंपाकघरातून “उतरवा आता” अशी हाक येते.

हस्तलिखितात ‘निःसत्त्व’ खोडले आहे. तेथे आता ‘ज्याचा रस निघून गेला आहे असे’ एवढेच आहे.