वरून आलेली सुधारणा

मुस्लिम समाजसुधारणेची चर्चा सुरू झाली की केमाल पाशांचे नाव हटकून निघते. एक बाजू म्हणते, 'बघा, एका माणसाने पंधरा वर्षांत काय करून दाखवले!' दुसरी म्हणते, 'त्याने दीन बुडवला.' दोन्ही बाजू त्यांनी काय केले याचाच हिशेब मांडतात. ते कसे केले, हा प्रश्न मागे राहतो. खरा नैतिक प्रश्न मात्र तोच आहे. समाजाचे भले त्याला न विचारता करण्याचा अधिकार कुणाला असतो का?

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य कोसळले. इस्तंबूल विजेत्यांच्या ताब्यात गेले, 1919 साली ग्रीक फौजा इझमीरला उतरल्या. मुस्तफा केमाल लढले आणि जिंकले. 1922 साली सल्तनत गेली, 1923 साली प्रजासत्ताक आले आणि 3 मार्च 1924 रोजी खिलाफतही संपली. ज्या खिलाफतीसाठी 1919 साली मुंबईत कमिटी स्थापन झाली, हिंदुस्थानातले मुसलमान तुरुंगात गेले, ती तुर्कांनीच मोडीत काढली. आपल्याकडे अनेकांना धक्का बसला. पण खिलाफतीचे अधिकार निवडून आलेल्या सभेकडे असू शकतात हा तुर्कांचा इज्तिहाद योग्य आहे, असे इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत सांगितले. म्हणजे बदलाची वाट धर्मचिंतनातूनही निघत होती.

पुढच्या सुधारणा मात्र हुकमाने आल्या. 1926 साली स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा आला. बहुपत्नीत्व बंद झाले, तलाक न्यायालयात गेला, मुलीला मुलाइतका वारसा मिळाला. यासाठी समाजाच्या संमतीची वाट पाहायला हवी होती का? संमती कुणाची? ज्या पुरुषांना जुन्या रिवाजाचा फायदा होता त्यांची? हा युक्तिवाद हलका नाही. अन्याय थांबवण्यासाठी अन्याय करणाऱ्याची परवानगी लागत नाही.

पण त्याच जोरावर 1925 साली फेझ टोपी गुन्हा ठरली आणि युरोपीय हॅट सक्तीची झाली. इस्किलिपच्या आतिफ होजा यांनी त्या कायद्याच्या आधीच, 1924 साली, युरोपच्या अनुकरणाविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. 1926 साली त्यांना फाशी दिले. गंमत अशी, की ती फेझसुद्धा 1829 साली सुलतान महमूद दुसरा यानेच पागोटे उतरवून सक्तीची केली होती. 1932 पासून अजान तुर्की भाषेत देण्याची सक्ती आली. 1950 साली मतपेटीतून सरकार बदलले आणि महिन्याभरात अरबी अजानवरची बंदी उठली. डोक्यावरच्या टोपीने किंवा अजानच्या भाषेने कुणाचा हक्क हिरावला जात होता? दुसऱ्यावरचा जुलूम थांबवणे वेगळे आणि माणसाला आपल्या पसंतीच्या साच्यात बसवणे वेगळे. केमालवादाने हा फरक पाळला नाही.

राष्ट्र घडवतानाही असेच झाले. 1923 च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. कसोटी होती धर्माची. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात आले. कुठे राहायचे, हे त्यांना कुणी विचारले नाही. मुसलमान असलेल्या कुर्दांच्या वाट्याला मात्र भाषेची बंदी आली.

आणि ज्यांच्यासाठी कायदा केला त्या स्त्रियांना तरी विचारले होते का? नेझिहे मुहिद्दीन यांनी 1923 साली स्त्रियांचा पक्ष काढायचे ठरवले. परवानगी मिळाली नाही. 1934 साली स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळाला, 1935 च्या निवडणुकीत 17 जणी निवडून आल्या आणि त्याच वर्षी स्त्रियांची संघटना विसर्जित झाली. हक्क मिळाले, आता संघटना कशाला, असा तो हिशेब. पण 1926 च्या कायद्यात पती हाच कुटुंबप्रमुख होता. ते कलम जायला 2001 साल उजाडले, तेही स्त्रियांच्या चळवळीने रेटा लावल्यावर. देणाऱ्याला जिथे थांबावेसे वाटले तिथे सुधारणा थांबली. 1999 साली निवडून आलेल्या मर्वे कवाकची यांना डोक्याला रुमाल आहे म्हणून शपथ घेऊ दिली नाही. स्त्रीने काय काढावे हे ठरवणारी सत्ता, उद्या तिने काय घालावे हेही ठरवू शकते.

हुकमाची सवय सरकारबरोबर बदलत नाही. 1934 साली एका हुकमाने आया सोफिया संग्रहालय झाले, 2020 साली दुसऱ्या हुकमाने ती पुन्हा मशीद झाली.

लेखिका हालिदे एदिब 1919 साली इस्तंबूलच्या सभेत परकीय ताब्याविरुद्ध बोलल्या, मुक्तियुद्धात सामील झाल्या. पुढे पतीच्या विरोधी पक्षावर 1925 साली बंदी आली आणि त्यांना देश सोडावा लागला. 1935 साली दिल्लीत जामिया मिल्लियात त्यांनी व्याख्याने दिली तेव्हा त्या परागंदाच होत्या. सुधारणेच्या बाजूच्या बाईलाच सुधारणेच्या राज्यात जागा उरली नव्हती.

हमीद दलवाईंच्या पुढाकाराने 1966 साली मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी मोर्चा काढला, तेव्हा पुष्कळांना तो आकडा हास्यास्पद वाटला. पण त्या आपले दुःख आपल्या तोंडाने सांगत होत्या. त्या मार्गाने उशीर फार होतो, हे खरे. म्हणून अन्यायाविरुद्धचा कायदा अडवून धरू नये. तो करताना त्या बायकांचे म्हणणे मात्र आधी ऐकावे.