दोष दिसला नाही, म्हणजे दोष नाही का?

सर्च क्लस्टरमधील नोडच्या कॉन्फिगरेशनची स्वयंचलित चाचणी यशस्वी होते, तेव्हा तिच्याकडून कळते ते एका अभावाबद्दल: नेमून दिलेल्या तपासण्यांत दोष आढळला नाही. एवढ्यावरून 'दोष नाही' हे ज्ञान होते का, हा प्रश्न तंत्राचा कमी आणि प्रमाणशास्त्राचा जास्त आहे. जे नाही ते 'नाही' म्हणून कसे कळते, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद चालला. त्या वादात घडलेली एक अट या आधुनिक कामाला चपखल लागू पडते.

सातव्या शतकातील कुमारिल भट्ट आणि त्यांची मीमांसा-परंपरा यांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन, प्रमाण, मानले. पुढे अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो, अनुपलब्धी त्याला फक्त साहाय्य करते. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी तिला अनुमानात बसवले. मतभेद असा तीन बाजूंचा असला, तरी एका मुद्द्यावर सगळे जवळ येतात. नुसते न दिसणे पुरेसे नाही. जे दिसले नाही ते तिथे असते तर दिसलेच असते, इतकी परिस्थिती अनुकूल हवी. उजेडात, उघड्या जमिनीवर घट दिसला नाही तर 'इथे घट नाही' हे खरे ज्ञान. अंधारात दिसला नाही तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. पिशाच तर स्वभावतःच अदृश्य मानलेले, म्हणून ते दिसले नाही यावरून ते नाही असे ठरत नाही. या अटीला योग्यता म्हणतात आणि ती पूर्ण करणारी ती योग्यानुपलब्धी. चाचणीच्या यशाचे मोल ठरवायला याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण आहे.

इलॅस्टिकसर्चचे उदाहरण घेता येईल. ल्युसीन या शोधग्रंथालयावर उभारलेली ही प्रणाली 2010 मध्ये प्रथम उपलब्ध झाली. तिच्या क्लस्टरमध्ये अनेक नोड असतात आणि त्यांतील एक मास्टर म्हणून निवडला जातो. कोणता नोड समूहात आहे, विदेचा कोणता तुकडा, म्हणजे शार्ड, कोणाकडे ठेवायचा, याचा निर्णय मास्टर घेतो. जुन्या आवृत्त्यांत मास्टर निवडण्यासाठी किमान किती उमेदवार नोड एकमेकांना दिसले पाहिजेत, हा आकडा प्रत्येक नोडच्या फाइलमध्ये माणसाने लिहायचा असे. नियम सोपा होता: उमेदवारांच्या निम्म्याहून अधिक. तीन असतील तर 2, पाच असतील तर 3. आकडा लिहिलाच नाही तर तो 1 धरला जाई.

आता तीन उमेदवारांच्या क्लस्टरमध्ये आणखी दोन घातले आणि फाइलमधला 2 तसाच राहिला, असे समजू. रोजच्या कामात काहीच बिघडत नाही. पण नेटवर्क तुटून एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन नोड राहिले, तर दोन्हीकडे किमान संख्येची अट पुरी होते. दोन्हीकडे मास्टर उभे राहतात, दोन्हीकडे नवी विदा लिहिली जाते, आणि नेटवर्क पुन्हा जुळल्यावर एका बाजूच्या नोंदी गमावल्या जाऊ शकतात. या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात. ज्याची नोंद नाहीशी झाली त्या वापरकर्त्याला ती जतन झाल्याचे उत्तर आधीच मिळालेले असते. म्हणूनच हा दोष साध्या बिघाडाहून गंभीर आहे: इथे यंत्रणेने दिलेला शब्द खोटा ठरतो.

अशा क्लस्टरवर नेहमीच्या स्वयंचलित चाचण्या चालवल्या तर काय दिसते? फाइल जागेवर आहे. तिच्यात अपेक्षित 2 हा आकडा आहे, कारण चाचणीतली अपेक्षाही क्लस्टर लहान असतानाचीच आहे. सेवा चालू आहे, 9200 क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर मिळते, समूहात पाच नोड मोजले जातात, आणि आरोग्याचा रंग हिरवा आहे. यांतले एकही विधान खोटे नाही. पण हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच की सर्व मूळ शार्ड आणि त्यांच्या सर्व प्रती कुठल्या ना कुठल्या नोडवर बसल्या आहेत. निवडणुकीच्या नियमाविषयी त्यात अक्षरही नाही. नेटवर्क अखंड असताना स्प्लिट ब्रेनचा दोष अंधारातल्या घटासारखा असतो. तो असो वा नसो, या तपासण्यांचे उत्तर तेच राहते. त्यांचे यश ही योग्यानुपलब्धी नव्हे.

योग्यता आणायची तर परिस्थिती बदलावी लागते. चाचणीच्या क्लस्टरमध्ये फायरवॉलच्या नियमांनी दोन नोड मुद्दाम इतरांपासून तोडायचे, मग प्रत्येक नोडला वेगवेगळे विचारायचे की तुझा मास्टर कोण, आणि अल्पसंख्य बाजूला मास्टर निवडला जात नाही हे पाहायचे. एकाच नोडला विचारून भागत नाही, कारण त्याचे उत्तर त्याला दिसणाऱ्या जगापुरते असते. याहून महत्त्वाची पायरी पुढे आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. आकडा जाणूनबुजून चुकीचा करून तीच चाचणी पुन्हा चालवायची. ती अपयशी ठरली पाहिजे. 'दोष असता तर दिसला असता' हे वाक्य शास्त्रात तर्काने सिद्ध करतात. इथे ते प्रयोगाने सिद्ध करता येते. जी चाचणी एकदाही योग्य कारणासाठी अपयशी झालेली नाही, तिच्या यशावर भार टाकणे धोक्याचे आहे.

तरीही योग्यता नेहमी एका विशिष्ट दोषापुरती असते. याचा पुरावा 2014 मध्ये मिळाला. काइल किंग्सबरी यांनी जेप्सन या चाचणीसंचाने इलॅस्टिकसर्चची 1.1 आवृत्ती तपासली. किमान आकडा अचूक असूनही नोंदी हरवताना दिसल्या. एक कारण नेटवर्क तुटण्याच्या प्रकारात होते. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये अ आणि ब यांचा संपर्क तुटला, पण दोघांनाही क दिसतो, असे झाले तर अ आणि क मिळून दोन होतात, ब आणि क मिळूनही दोनच. क दोन्हीकडे मोजला जातो आणि नियम न मोडता दोन मास्टर उभे राहतात. क्लस्टरचे सरळ दोन तुकडे करणाऱ्या चाचणीला हा दोष दिसणे शक्यच नव्हते. त्याच वर्षीच्या 1.4 आवृत्तीत निवडणुकीची पद्धत सुधारण्यात आली. 2015 मध्ये 1.5 तपासली तेव्हाही नोंदी हरवण्याचे काही मार्ग उरलेलेच आढळले. ल्युसीन आणि इलॅस्टिकसर्चच्या स्वतःच्या चाचण्या दर वेळी यादृच्छिक मूल्ये घेतात आणि बीजांक जपून ठेवून अपयश पुन्हा घडवतात. त्यामुळे चाचणीची नजर दर वेळी नव्या जागी जाते, पण मुळात जो पर्यायच विचारात घेतलेला नाही तिथे ती पोचत नाही.

योग्यता स्थळावरही अवलंबून असते. 2016 च्या 5.0 आवृत्तीपासून नोड सुरू होताना स्वतःच काही तपासण्या करतो. उदाहरणार्थ, लिनक्सच्या कर्नेलमध्ये एका प्रक्रियेला मिळणाऱ्या मेमरी-नकाशांची मर्यादा किमान 2,62,144 हवी. अनेक लिनक्स वितरणांत ती मुळात 65,530 असते. नोड फक्त स्वतःच्या यंत्राशी बोलत असेल तर ही त्रुटी इशाऱ्यावर निभावते. तो इतर यंत्रांशी बोलू लागला की सुरू व्हायलाच नकार देतो. म्हणजे विकसकाच्या लॅपटॉपवर एकट्या नोडवर उत्तीर्ण झालेली फाइल प्रत्यक्ष क्लस्टरमध्ये अडू शकते. कंटेनरमधील चाचणीत तर ही मर्यादा कंटेनरची नसून खालच्या यंत्राची असते. न्यायशास्त्राच्या भाषेत ही उपाधी: निष्कर्ष ज्यावर खरोखर टेकलेला आहे, ती न सांगितलेली अट.

मग चाचणीची चाचणी कोण घेणार? प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण लागले तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, होते, हा आक्षेप बौद्ध आचार्य नागार्जुनांनी विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात घेतला आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अशाच आक्षेपाला तराजूच्या दृष्टान्ताने उत्तर आहे: तराजू मोजतो, आणि वेळ आली की त्याचाही अचूकपणा तपासता येतो, प्रमाण आणि प्रमेय, म्हणजे मोजणारे आणि मोजले जाणारे, या भूमिका आहेत, कायमच्या जाती नव्हेत. कुमारिल याहून पुढे जाऊन म्हणतात की ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक ज्ञान आले तरच ते सोडावे. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की त्याचे प्रामाण्य ठरते, असे ते मानतात. नवव्या शतकातील काश्मीरचे जयंत भट्ट न्यायमंजरीत एक व्यवहार्य भेद करतात. रोजच्या दृष्ट व्यवहारात माणूस प्रामाण्य न ठरवताही कृती करतो, पण फळ अदृष्ट आणि खर्च मोठा असेल तिथे ते आधी ठरवावे लागते. क्लस्टरच्या बाबतीत हाच भेद सर्वांत उपयोगी वाटतो. लॉगची पातळी चुकली तर ती चालत्या नोडवर कळते आणि सुधारते, तिथे कुमारिलांचा मार्ग पुरेसा. निवडणुकीचा नियम चुकला तर ते विदा गेल्यावरच कळते, म्हणून तिथे आधीच परीक्षा हवी.

2019 च्या 7.0 आवृत्तीने किमान आकड्याची ती ओळच काढून टाकली; मतदारांचा हिशेब आता क्लस्टर स्वतः ठेवतो. नव्या समन्वय-पद्धतीचे औपचारिक प्रतिरूप टीएलए-प्लस या भाषेत लिहून मर्यादित संख्येच्या अवस्थांमध्ये तपासण्यात आले. तरी फाइलमधील सर्व निर्णय संपले नाहीत. क्लस्टर प्रथम उभारताना सुरुवातीच्या मास्टर-उमेदवारांची यादी द्यावी लागते आणि क्लस्टर जुळल्यावर ती काढून टाकावी लागते. ती तशीच राहिली आणि एखादा नोड रिकाम्या डिस्कसह पुन्हा सुरू झाला, तर तो वेगळाच क्लस्टर थाटू शकतो. औपचारिक तपासणी पद्धतीविषयी असते. एखाद्या संस्थेच्या फाइलमध्ये ती ओळ शिल्लक आहे का, हे त्या संस्थेच्या चाचणीलाच पाहावे लागते, आणि त्यासाठी रिकाम्या डिस्कचा नोड मुद्दाम सुरू करून पाहावा लागतो.