मळा की मला?

सांगोला तालुक्यात एक कोळा आहे आणि एक अकोला. आपल्या माणसाचा या दोन गावांत कधी घोटाळा होत नाही. कोळ्याच्या ळ ला जीभ मागे वळून टाळूवर आपटते, अकोल्याच्या ल ला दातांपाशीच थांबते. हे आपल्याला कुणी शिकवल्याचं आठवतही नाही.

मागच्या हंगामात एका अडत्याच्या गाळ्यावर बिहारकडचा एक पोरगा डाळिंबांची प्रतवारी करत होता. चार महिन्यांत मराठी बरी बोलायला लागलेला. ‘सकाळी मल्यात होतो’ म्हणाला आणि सगळे हसले. एकानं कॅरेट बाजूला ठेवून त्याची शिकवणीच घेतली. ‘म्हण, मळा.’ ‘मला.’ ‘मला नाही रे, मळा!’ दहादा म्हणवून घेतलं, दहादा ‘मला’च आलं. शेवटी पोरगा वैतागून म्हणाला, ‘एक ही तो बोल रहा हूँ!’

सगळी मेख याच वाक्यात आहे. त्याची जीभ अडलीच नव्हती, कान अडला होता. जो फरक ऐकूच येत नाही, तो जिभेनं काढायचा कसा? राजस्थानी, गुजराती व्यापाऱ्याला हा त्रास होत नाही, त्यांच्या भाषांत ळ आहे. सोलापुरातल्या तेलुगू-कन्नड घरांतही तो आहेच.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाच्या आसपासच्या बहुतेकांना कळेनासा झाला होता. घरात जो फरक लागत नाही, त्याकडे कान काणाडोळा करायला शिकतो. (कानाचा काणाडोळा! पण दुसरा शब्द सुचत नाही.)

हा कान मोठेपणीही उघडता येतो. इंग्रजीतले आर आणि एल जपानी माणसाला सारखेच वाटतात. अमेरिकेत लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ साली जपानी विद्यार्थ्यांना अशा शब्दांच्या जोड्या ऐकवल्या. ऐकायचं, दोहोंतला कोणता ते सांगायचं, चूक की बरोबर लगेच कळायचं. बोलणारे मात्र अनेक. पुढच्या प्रयोगात दिसलं, की एकाच आवाजावर तयार झालेला कान नव्या माणसापुढे पुन्हा गोंधळतो. आणखी गंमत १९९७ साली कळली: नुसतं ऐकायला शिकलेल्यांचे उच्चारही सुधारले होते.

आपण नेमकं उलटं करतो. ‘म्हण, म्हण’ म्हणून जिभेच्या मागे लागतो. परप्रांतीय मुलांना मराठी शिकवताना तेच, आणि २००० पासून पहिलीपासून आलेलं इंग्रजी शिकवतानाही तेच. हसणाऱ्यांनी आपलेही कान तपासावेत. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपण लिहितो वेगळे. इंग्रज माणसाच्या तोंडून सुटे ऐकले, तर किती जण खात्रीनं सांगतील?

त्या पोराला ळ म्हणायला लावणं तूर्त सोडा. मळा-मला, गाळ-गाल, वेळ-वेल, मूळ-मूल अशा जोड्या घ्या. आजी, शाळकरी पोर, कंडक्टर, हमाल अशा पाच-सहा जणांच्या आवाजात मोबाइलवर भरून ठेवा. त्यानं ऐकून फक्त बोट दाखवायचं, शेताकडे की स्वतःकडे. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग आहे. पुढचे सौदे सुरू व्हायच्या आत कुणीतरी करून बघा.