माया आणि मोजमाप

‘गुटगुटीत’ हा आपल्या भाषेतील एक लाडका शब्द. ज्या पिढ्यांनी टंचाई पाहिली, साथींमध्ये दगावलेली बालके पाहिली, त्यांच्या लेखी भरलेले गाल म्हणजे मूल वाचल्याची ग्वाही होती. आजीच्या हातच्या घासात म्हणूनच मायेइतकीच भीतीही असे. त्या मायेला आपण हसू नये. मात्र काळ पालटला तरी आपली दृष्टी पालटली नाही, हे मान्य करावे. देशात कुपोषण अद्याप सरलेले नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. आकडा लहान, पण चढता आहे.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो : प्रेमाने पाहणारा माणूस खरे पाहतोच असे आहे काय? रोज डोळ्यांसमोर वाढणाऱ्या मुलातील बदल आईबापांनाच सर्वांत उशिरा जाणवतो. शिवाय डोळा फसवा असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले, की आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने हलकी असली, तरी त्यांच्या अंगी त्या मानाने चरबी अधिक असते. तेव्हा निवाडा नजरेवर सोडता येत नाही, मोजावेच लागते.

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. दहा वर्षांच्या मुलाची उंची १३५ सेंटिमीटर व वजन ४० किलो असेल, तर उत्तर सुमारे २२ येते. प्रौढाला हा आकडा निरोगी ठरेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यानुसार त्या वयाच्या मुलग्यासाठी तो स्थूलतेच्या रेषेपलीकडचा आहे. म्हणूनच मुलाचा आकडा वय आणि लिंग पाहून, बालरोगतज्ज्ञांकडील तक्त्यावरच वाचावा. एका मोजणीने घाबरू नये. मात्र दर खेपेस रेषा वर सरकत असेल, तर थांबू नये.

मानेवर वा काखेत काळपट, मखमली डाग, झोपेत मोठे घोरणे, थोड्या श्रमाने धाप, गुडघा वा कंबर दुखून लंगडणे, वजन वाढूनही उंची खुंटणे ही वैद्याकडे जाण्याची कारणे होत. घरात मधुमेह असल्यास अधिकच. सतत तहान व वारंवार लघवी होत असेल, तर त्याच दिवशी जावे. मूल लपून खाऊ लागले किंवा चिडवण्यामुळे शाळा टाळू लागले, तर तेही दुखणेच समजावे.

आता दोषाविषयी. खादाडपणाची गणना ख्रिस्ती परंपरेने सात प्रमुख पापांत केली आहे, आणि जाड मुलाकडे आपणही नकळत अपराधी म्हणून पाहतो. परंतु पापाला जाण आणि संमती लागते. बाजार मूल करीत नाही, ताट ते वाढीत नाही, अंगणे त्याने बुजविली नाहीत, शिकवणीच्या वेळाही त्याने ठरविल्या नाहीत. शरीराची ठेवणही बव्हंशी वारशानेच येते. आईबापही बहुधा परिस्थितीचेच धनी असतात. अपराध आणि जबाबदारी या भिन्न गोष्टी आहेत. अपराध कोणाचाही नसला, तरी जबाबदारी मोठ्यांचीच राहते.

ती पार पाडताना मुलाला उपाशी ठेवू नये आणि पाहुण्यांसमोर त्याच्या वजनाची चर्चा करू नये. त्याची उंची वाढत असते. त्यामुळे पुष्कळदा वजन आहे तेथे रोखले तरी पुरते, आणि ते वैद्याने ठरवावे. घरात त्याचे एकट्याचे पथ्य नको. सरबताची बाटली आणायची नसेल, तर ती कोणासाठीच आणू नये. संध्याकाळी चालायचे असेल, तर सर्वांनी चालावे. मुलाला जे सोडावयास सांगावयाचे, ते आधी आपण सोडावे, इतकेच प्रेमाचे मागणे आहे.