मोडलेला घोटा कुणाच्या नावे?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे हिवाळ्यात कबड्डीचे सामने रंगतात. नियम मोठे समजूतदार : चढाई करणाऱ्याचे तोंड दाबू नये, पायांची कैची घालू नये, इजा होईलशी राकट पकड करू नये. पिवळे कार्ड दिसले, की 2 मिनिटे बाहेर! पण घोट्याची पकड नियमात बसते. आणि नियमात बसूनही घोटा मोडायचा तो मोडतोच. आता तो कुणाच्या नावे टाकायचा? पकडणाऱ्याच्या? पंचाच्या? आम्हा बँकवाल्यांना रकमेला खाते लागतेच. माझ्या मते हे संयुक्त खाते आहे. उपांत्य सामन्यात ‘सोडू नका बे त्याले!’ म्हणून ओरडणारे आपण सगळे त्यात भागीदार. फक्त ‘अरेरे’ म्हणून, चहा पिऊन आपण दोन्ही पायांवर घरी जातो, एवढेच.