जाता जाता आपल्या माणसाला

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत बाबा दहा वर्षं चेअरमन होते. त्यांच्या शेवटच्या एजीएमच्या आदल्या रात्री त्यांचे जिवलग मित्र घरी आले. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. धंदा बसल्यामुळे त्यांचा दोन वर्षांचा मेंटेनन्स थकला होता. मुद्दल त्यांनी कसंबसं भरलं, व्याजाचे १८ हजार राहिले. ते म्हणाले, "उद्या माफीचा ठराव मांड. तुझा शब्द कोण मोडणार? आणि परवापासून तुला विचारणार तरी कोण?"

बाबांनी ठराव मांडला नाही. मला त्यांचा प्रचंड राग आला. बिल्डरशी भांडण चालू होतं तेव्हा हेच काका कामधंदा सोडून त्यांच्याबरोबर उपनिबंधकांच्या ऑफिसात खेटे घालत होते.

पुढे जॉर्ज बुश आणि स्कूटर लिबी यांच्याबद्दल वाचलं, तेव्हा ती रात्र आठवली. लिबी हे उपाध्यक्ष डिक चेनी यांचे चीफ ऑफ स्टाफ. तपासात खोटं बोलल्याबद्दल २००७ मध्ये ते दोषी ठरले. बुश यांनी त्यांचा ३० महिन्यांचा तुरुंगवास रद्द केला, पण दोष आणि दंड तसाच ठेवला. जानेवारी २००९ मध्ये पद सोडताना पूर्ण माफी द्यावी म्हणून चेनी मागे लागले होते. बुश यांनी नकार दिला आणि दोघांच्या संबंधात कडवटपणा आला. ती माफी शेवटी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी दिली.

बुश यांना अडवणारं कोण होतं? निवडणूक पुन्हा लढवायची नव्हती. अध्यक्षांच्या माफीला संसदेची मंजुरीही लागत नाही. "परवापासून तुला विचारणार कोण?" हीच परिस्थिती. मला वाटतं, म्हणूनच शेवटच्या दिवशी स्वतःला जास्त विचारावं लागतं.

आपल्या मुंबईत याच्या उलट घडलंय. 'रुस्तम' ज्या नानावटी खटल्यावर बेतलाय, त्याची गोष्ट सिनेमासारखी सुटकेवर संपली नाही. ज्युरीने निर्दोष म्हटलेल्या नानावटींना हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली आणि त्याच वर्षी राज्यपालपद सोडलं. त्या नेहरूंच्या बहीण, आणि नानावटींची नेहरू कुटुंबाशी ओळख. जनमत नानावटींच्या बाजूने होतं, माफी कदाचित योग्यही असेल. पण आजही प्रश्न उरतोच: ओळख नसती तर? जवळिकीमुळे योग्य माफीवरही असा डाग राहतो.

आपल्याकडे निदान कोर्ट तरी आहे. आंध्रात एका काँग्रेस कार्यकर्त्याला राज्यपालांनी दिलेली शिक्षेतली सूट २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. जात, धर्म, पक्षनिष्ठा हे माफीचे निकष होऊ शकत नाहीत, असं कोर्टाने बजावलं.

तरी माझ्या रागात तथ्य होतं. ज्याने आपल्यासाठी झीज सोसली, त्याला अडचणीत सोडून निघून जाणं हाही एक प्रकारचा अन्यायच. मी बाबांना तसं सुनावलं. ते म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या वर्षी व्याज पै न् पै भरलं. नवरा गेल्यावर, बांगडी मोडून. त्या माझ्या मैत्रीण नाहीत, एवढीच त्यांची चूक. त्यांना काय सांगू?"

मग मला कळलं की काकांचं ऋण बाबांवर होतं, सोसायटीवर नव्हतं. स्वतःचं ऋण सगळ्यांच्या खिशातून फेडलं तर ते फिटत नाही, फक्त दुसऱ्याच्या नावावर चढतं. आणि माफी ज्याला ओळखपाळख नाही त्यालाही मिळणार असेल, तरच ती दया. नाहीतर तो वशिलाच.

बाबांनी स्वतःचा १८ हजारांचा चेक काकांपुढे ठेवला होता. काकांनी तो परत केला आणि व्याज हप्त्यांनी भरलं. त्यानंतर दीड वर्ष ते आमच्याकडे चहाला आले नाहीत. संध्याकाळी बाबा एकटेच चालायला जायचे, आणि मी खिडकीतून बघायचो.

बाबा बरोबर होते, असं मला आज वाटतं. ते त्यांना फुकट पडलं, असं मात्र म्हणवत नाही.