अस्वलाची चरबी आणि आमचा परहेज

सातवीच्या वर्गात आम्ही शास्त्राचा तास घेत होतो. शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी असे प्राण्यांचे प्रकार फळ्यावर मांडले होते. मिश्राहारीच्या खाली अस्वल लिहिले, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, रीछ हलाल है के हराम?" शास्त्राच्या तासाला असा मसला निघाला की उर्दू शाळेतल्या शिक्षकाची थोडी पंचाईत होते. पण उत्तर अवघड नव्हते. सुळ्यांनी शिकार फाडणारे जनावर खायचे नाही, आणि हनफी असो की शाफई, दोघांच्याही फिकहमध्ये अस्वल त्यातच मोडते. "हराम," आम्ही म्हणालो. त्यावर एक पोरगा ओरडला, "सर, इसका दादा रीछ नचाता था!" सारा वर्ग हसला. ज्याच्याकडे बोट दाखवले होते, तो मुलगा दरवेश्यांच्या वस्तीतून येतो. त्याने मान खाली घातली. आम्ही वर्गाला दटावले, तास पुढे नेला. पण ती खाली गेलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना.

कारण त्या मुलाच्या दादाकडून अस्वलाचा केस विकत घेणारे लोक आमचेच होते. आमच्या लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकात, मोहल्ल्यात दरवेशी आला की बायका आपापली पोरे त्या अस्वलाच्या पाठीवर बसवत. पोरगे दचकू नये, नजर लागू नये म्हणून चार केस मागून घेत आणि ताविजात भरत. दादीअम्माच्या गुडघ्यांना चोळायला जत्रेतून एक बाटली यायची. अस्वलाची चरबी म्हणूनच ती ओळखली जाई. घरात कुणी अस्वलाचे मांस खाल्ले असते तर कयामत ओढवली असती. चरबीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नसे. खायचे थोडेच आहे, चोळायचे तर आहे!

हा 'थोडेच' शब्द आम्हांला आज टोचतो. मक्का जिंकले त्या वर्षीची एक प्रसिद्ध हदीस आहे. मेलेल्या जनावराची विक्री मना असल्याचे सांगितल्यावर लोकांनी विचारले की, त्याच्या चरबीचे काय? ती होड्यांना लावतात, कातड्यांना चोळतात, दिव्यात जाळतात. उत्तर मिळाले की, तेही नाही. आणि पूर्वीच्या एका कौमचा दाखला दिला गेला, जिने मना केलेली चरबी वितळवून विकली आणि तिची किंमत खाल्ली. ही मनाई विक्रीची की वापराचीही, यावर उलेमांत मतभेद आहेत. पण प्रश्न विचारणाऱ्यांचे मन आणि आमच्या दादीअम्माचे मन एकच होते, याबद्दल मतभेद होऊ नये. नियमाला हात न लावता त्याच्या बाजूने वाट काढायची.

बाटलीत खरेच अस्वलाची चरबी होती का, हा वेगळाच विनोद. थंड मुलखातली अस्वले पानगळीत खाऊन खाऊन अंगावर चरबी साठवतात आणि हिवाळा झोपून काढतात. आपल्याकडचे अस्वल वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले खाऊन जगते आणि तशी हिवाळी झोप घेत नाही. त्याच्या अंगावर असा साठा कुठून येणार? गावोगावच्या जत्रांत विकल्या जाणाऱ्या त्या बाटल्या कोणत्या जनावराच्या होत्या, अल्ला जाणे. परहेजगार घरात रोज रात्री काय चोळले जात होते, याची चौकशी कुणी केली नाही.

आता काही मंडळी हराम-हलालचा मसला आरोग्यावर नेऊन टेकवतात. 2022 साली अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात एक कुटुंब जमले. कॅनडात मारलेल्या अस्वलाचे मांस 45 दिवस फ्रीजरमध्ये ठेवले होते, त्याचे कबाब भाजले. मांस अर्धेकच्चे राहिले. सहा जणांना मांसातल्या बारीक कृमींची बाधा झाली. त्यांतल्या दोघांनी फक्त त्या मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उत्तरेकडच्या या कृमींना थंडीची सवय असते, गोठवून ते मरत नाहीत. "बघा, म्हणूनच हराम!" असे आमचे एक सहकारी मोठ्या आनंदाने म्हणाले. आम्हांला हा आनंद पटला नाही. तेच मांस नीट शिजवले असते तर कृमी मेले असते. मग काय ते हलाल झाले असते? इमानाची इमारत कृमीवर उभारली की कुकरची एक शिट्टी ती पाडते.

अस्वल खाणाऱ्यांकडे नुसते तोंड वाकडे करून पाहणेही आम्हांला जमत नाही. जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरांत मातागी नावाचे पिढीजात शिकारी आहेत. अस्वल हे पर्वतदेवीने दिलेले दान, अशी त्यांची समजूत. मांस सगळ्यांत सारखे वाटायचे, गोळी कुणाचीही असो. पित्त औषधाला, चरबी भाजल्या-पोळल्याला. त्यांची देवी आमची नव्हे, हे उघड आहे. पण जीव घेतला तर त्याची जबाबदारी अंगावर घ्यायची, हे त्यांना कळते. 2025 साली जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यांत इतकी माणसे गेली की अकिता प्रांतात पिंजरे लावण्याच्या मदतीला लष्कर पाठवावे लागले. मोठ्या संख्येने अस्वले मारली गेली. त्यांचे मांस खाणे वाईट, की ते जाळून टाकणे वाईट? तिथल्या शिकाऱ्याला आम्ही काय सांगणार? आमच्या शरियतनेही जीव जाण्याची वेळ आली तर जीव वाचण्यापुरते हराम खाण्याची मुभा दिली आहे; म्हणजे भुकेचे वजन तिलाही ठाऊक आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगेच्या जंगलात अस्वले आहेत. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने अस्वलाला संरक्षण आहे. जीव वाचवताना मारले तर गुन्हा नाही, पण मेलेले जनावर सरकारचे. त्याचा केसही घरी नेता येत नाही. याच कायद्याने दरवेश्यांचा धंदा गेला. वेसण घातलेले शेवटचे नाचरे अस्वल 2009 साली सोडवल्याचे तेव्हा जाहीर झाले. झाले ते बरेच झाले. तापलेल्या सुईने नाक टोचून घातलेली ती दोरी आम्ही जवळून पाहिली आहे. त्या वेळी आम्ही टाळ्या वाजवत होतो, हेही लिहून ठेवतो. पण गुन्हेगार ठरला तो दोरी धरणारा. पैसे फेकणारे, केस मागणारे, बाटली घेणारे सगळे पाक राहिले आणि त्यांची नातवंडे आज वर्गात हसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाला आमचे लहानपण सांगितले. अस्वलाच्या पाठीवर बसलो होतो, तेही सांगितले. या वेळी पोरे आम्हांला हसली, तो मुलगाही हसला. सुटी झाल्यावर तो टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "सर, दादा बोलते, रीछ मरा तो वो तीन दिन खाना नहीं खाए." आम्हांला काय बोलावे ते सुचले नाही.

घरी येऊन अम्मीला विचारले, तेव्हा तिने पेटी उघडून आमचा ताविज काढला. चांदीची छोटी डबी, मेणाने बंद केलेली. आम्ही म्हणालो, केस पुरून टाकू आणि चांदी मोडू. अम्मी म्हणाली, "और पैसा किसका?" डबी अजून टेबलावरच पडून आहे.